मागच्या गल्लीतला जनरेटर

३ ऑगस्ट, रविवार

सुहास सकाळीच टपकला. मंडळाचा कार्याध्यक्ष झाल्यापासून पायाला भिंगरी लागलीय त्याच्या. माझ्या हाताखाली दहावी झाला, नकाशात याच्या नद्या डोंगर चढायच्या. अजून 'बाई'च म्हणतो. "बाई, यंदा देखावा हवामानबदलावर. कोर्टाचा सीन. पृथ्वी फिर्यादी, पिंजऱ्यात मोठमोठे देश. निवेदन तुम्ही लिहायचं. भूगोलवाल्या बाई चाळीत असताना बाहेरचा लेखक कशाला?"

मी नाही नाही केलं. त्याने परत विचारलं नसतं तर मात्र दिवसभर धुसफुसत बसले असते, हेही खरं.

मि. (मिलिंद, नवरा. वहीत त्याला एवढंच अक्षर पुरे) पेपराआडून म्हणाला, "पृथ्वीने वकीलपत्र दिलं म्हणजे आता आमच्याशी कोण बोलणार!" बोलून घे म्हटलं, नंतर अपॉइंटमेंट लागेल.

६ ऑगस्ट, बुधवार

शाळेतून आले, चहा घेतला, बसले लिहायला. हात सुटला की मग सुटतोच.

आधी पेटवलं कोणी, ते आधी. तिकडे गिरण्या आणि इंजिनं सुरू झाली तेव्हापासूनचा धूर वर तसाच आहे, विरून गेलेला नाही. आणि हे म्हणणार, मोजायचं ते आजपासून मोजू. म्हणजे पहिल्या पंगतीला बसून चारी ठाव जेवायचं, आणि दुसरी पंगत बसली की म्हणायचं, वरण संपत आलंय, आता सगळ्यांनीच सारखं कमी वाढून घेऊ या! हे झकास जमलंय. ठेवायचं.

मग दरडोई. एकूण आकड्यात आपणही वरच्या रांगेत आहोत, त्यावरून आपल्याला बोट दाखवतात. माणसामागे मोजा म्हणावं. तिकडचा एक माणूस आणि इकडचं आख्खं घर. मग कारखान्यांचं. चीनमध्ये धूर निघतो तो कोणाच्या घरातल्या सामानासाठी? बनवणाऱ्याच्या नावावर टाकायचा की घेणाऱ्याच्या?

शेवटी एक परिच्छेद आपोआप आला. फिर्यादीच्या घरातही खोल्या असतात. आपल्याकडे दारात चार गाड्या असलेला आणि अजून चूल फुंकणारी बाई, दोघांची मिळून सरासरी काढतो आणि ती जगाला दाखवतो. गरिबाच्या आडोशाला आपला श्रीमंत उभा. मि.ला वाचून दाखवलं. त्याने पेपर खाली ठेवला. मग म्हणाला, "पटलं. आपण कुठल्या खोलीत?"

मार्चमध्ये एसी घेतलाय आम्ही. तो चालू होता.

९ ऑगस्ट, शनिवार

सुहासला निवेदन दिलं. उभ्याउभ्या वाचलं, पंगतीच्या वाक्याला जोरात हसला. "बाई, काय हाणलंय! इथे टाळ्या." पुढे गेला आणि थबकला. "हे खोल्यांचं नको. लोक गणपतीला येतात, त्यांना कशाला घरचा आहेर? टाळ्या थांबतील तिथे."

मी वाद घातला नाही. म्हटलं, तसंही लांबलंच होतं.

आणखी एक कापलं. बुडणाऱ्या बेटाचा देश घेतला होता मी, गुडघाभर पाण्यात उभी मुलगी. चाळीस सेकंदांचं भाषण होतं तिला. डेकोरेटर म्हणतो पाण्याची टाकी मावत नाही, बाकीच्या मूर्ती मोठ्या आहेत. जागेअभावी रद्द. ज्याच्यासाठी कोर्ट भरवलं त्यालाच आत जागा नाही. हे मनात आलं आणि हसू आलं. बोलून दाखवलं नाही, पुन्हा सगळं बदलत बसले असते.

१० ऑगस्ट, रविवार

मंडळाची मीटिंग, तळमजल्यावर मंडळाच्या खोलीत. मी पहिल्यांदाच गेले, खुर्ची दिली, मान होता. हलते पुतळे, धुक्याचं मशीन, लाइट, हे सगळं मंडळाच्या मीटरला झेपत नाही, म्हणून जनरेटर भाड्याने. प्रश्न एवढाच की ठेवायचा कुठे. पुढे गेटपाशी जागा आहे, मोकळी, रस्त्याकडे. मी म्हटलं, "पुढे नको रे. एवढी धडधड, निवेदन कोणाला ऐकू जाणार?"

"मग मागे," सुहास म्हणाला.

मागे म्हणजे चाळ आणि शेजारच्या टॉवरची भिंत यांच्यामधली गल्ली. मागे म्हणजे इंदूकाकीची खिडकी. तळमजल्यावरची शेवटची खोली, एकच खिडकी, काकी एकटी आणि छातीत दमा. मला आठवलं. खोलीतल्या निम्म्यांना तरी आठवलं असणार. कोणी तोंड उघडलं नाही, मीही नाही. दहाच दिवस, असं मनात म्हटलं. चहा आला, पुढचा विषय आला.

१७ ऑगस्ट, रविवार

दादरला रेकॉर्डिंग. पृथ्वीचा आवाज माझाच घ्यायचा ठरला. काचेच्या खोलीत कानाला हेडफोन लावून उभी. "ज्याने धूर केला त्याने धुराची जबाबदारी घ्यावी, एवढंच माझं मागणं आहे." हे वाक्य तीन वेळा घेतलं. रेकॉर्डिंगवाला म्हणाला, मॅडम, काटा आला. परत येताना मी आणि मि.ने पियुष प्यायलं. मि. म्हणे, पृथ्वीला मिशा आल्या.

खूश होते. उगाच नाकारू कशाला.

२४ ऑगस्ट, रविवार

सरूचा फोन. इंदूकाकीची लेक सरिता, पहिलीपासून माझ्या बाकावरची, आता बदलापूरला. चाळ निम्मी रिकामी झालीय, सगळे गणपतीला गावी निघाले. काकीला यंदा गावी पाठवत नाही म्हणाली, एसटीचा प्रवास नाही झेपणार. "मी गौरींच्या दिवशी येईन. तोपर्यंत बघशील ना गं? तू आहेस म्हणून मला घोर नाही."

तेव्हा सांगायला हवं होतं. "अगं, आहे ना मी," म्हटलं आणि वर तिच्या गुडघ्यांची चौकशी केली.

२७ ऑगस्ट, बुधवार. चतुर्थी

घरी मोदक, खाली गर्दी. संध्याकाळी देखावा सुरू झाला. धुकं सुटतं, पडदा वर जातो, सुटाबुटातला मोठा देश पिंजऱ्यात हात नाचवतो, आणि मग माझा आवाज. पंगतीच्या वाक्याला टाळ्या, शिट्ट्या. बायका येऊन हात धरत होत्या. "तुम्हीच का त्या?"

इंदूकाकी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून, चाफा माळून. संपल्यावर माझा हात दाबला. "तुझो आवाज काय येता गो! भाषण सगळा समाजला नाय, पण माका आवाडला."

तिला सोडायला तिच्या खोलीत गेले. दार उघडलं आणि भपकारा आला, डिझेलचा. खिडकी लावलेली, फटींत जुन्या साडीच्या पट्ट्या कोंबलेल्या. तरी येतोच. भिंतीपलीकडे धडधड चालू, फळीवरचे डबे थरथरत होते. मी म्हटलं, काकी, वर चला माझ्याकडे. "दोन जिने चढतंय खय मी! दहा दिवसांचा काम. बाप्पाचा आसा. आणि सरूक सांगू नको हां, धावत येतली उगाच."

मोदक ठेवले आणि आले. घरात एसी लावला नाही आज. काय उपयोग त्याचा, तिला डोंबलाचा फरक पडणार आहे.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

काकीचा खोकला दुसऱ्या मजल्यावर येतो. जनरेटर बंद झाला की जास्तच ऐकू येतो.

संध्याकाळी सुहासला गाठलं. म्हटलं, हलव रे तो पुढे. तो ओला रुमाल मानेवर टाकून उभा, पोलिसांची परवानगी, रांग, हार, शंभर व्याप. म्हणाला, "बाई, आपला दहा दिवस. टॉवरवाल्यांचा जनरेटर बघा, बारा महिने, आणि इतकी वर्षं. आधी कोणी पेटवलं ते आधी, तुम्हीच लिहिलंय ना?" मग बाजूचे दोघे सुरू झाले. चाळीत एवढी बिऱ्हाडं, घरामागे मोजला तर धूर येतो किती! त्यावर एकमेकांना टाळी.

आणि मी हसले. शी! माझंच वाक्य, तोंडपाठ, इतकं चपखल लावलं, म्हणून हसले. काकीचा खोकला कानात असताना. जिना चढताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

३० ऑगस्ट, शनिवार

टॉवरच्या ऑफिसात गेले. सेक्रेटरी सभ्य माणूस, पाणी दिलं, बसवलं. त्यांचा जनरेटर नियमात बसतो म्हणाले, धुरांडं वर नेलंय, लाइट गेली तरच चालतो. "तुमचा जमिनीवर, रोज पाच-पाच तास. आमच्याशी बरोबरी कशी करता?" खोटं काही नव्हतं त्यात. तरी मी त्यांना ऐकवलं, की तुमच्या प्रत्येक फ्लॅटला पाच एसी आहेत. ते म्हणाले, आणि तुमच्याकडे? मी पाणी प्यायले.

मग त्यांनीच तोडगा काढला. आमच्याकडून दहा दिवस वायर टाकून देतो, जनरेटरच नको. फक्त मंडळाने तसं विनंतीपत्र द्यावं आणि आवाज दहाला बंद.

धावत सुहासकडे. त्याचं डोकं फिरलं. "गेल्या वर्षी यांनीच आपल्यावर कंप्लेंट केली. आता आपण अर्ज करायचा? आधी त्यांनी कंप्लेंट मागे घ्यावी, मग बघू." परत टॉवरवर. ते म्हणाले, आधी पत्र. दोन्हीकडे चहा झाला. सोमवारी पुन्हा बोलू असं ठरलं. एवढे मोठे देश दरवर्षी जमून काय करतात ते मी पोरांना पुस्तकातून शिकवते. आज स्वतः केलं.

काकीकडे गेले नाही आज. तोंड नव्हतं.

३१ ऑगस्ट, रविवार. गौरी आल्या

सरू आली. आधी आईकडे, मग वर माझ्याकडे. तिच्यासाठी घावनं केली. काकीने तिला काय सांगितलं असेल ते दिसतच होतं. "आई म्हणते सर्दी आहे. पावसाची."

मी घावन उलटत होते. तव्याकडेच बघत राहिले.

देखावा बघून आली. डोळ्यांत पाणी होतं. "नंदे, काय लिहिलंयस गं! शाळेत निबंधात पण तूच पहिली." मग सहज, अगदी सहज विचारलं, "तो जनरेटर आईच्या खिडकीखाली कोणी ठेवला?"

"मंडळाने ठरवलं," मी म्हटलं.

कसं आलं तोंडात! शब्द तर खोटा नाही. मंडळानेच ठरवलं. अकरा जण होतो, अकरातला माझा एक हिस्सा. असं वाटून टाकलं की कोणाच्याच ताटात काही दिसत नाही. सरू मान हलवून म्हणाली, "मेले पुरुष, त्यांना काय कळतं." मी त्यावरही मान हलवली.

ती सातच्या गाडीने गेली. जाताना परत तेच, तू आहेस म्हणून. मी गॅलरीत उभी राहून हात हलवला. माझ्यासारखी नालायक मैत्रीण शत्रूलाही मिळू नये.

२ सप्टेंबर, मंगळवार

काल पुन्हा दोन्हीकडे जाऊन आले, पुन्हा तेच, आधी त्यांनी. आज सकाळी शाळेला निघाले होते. खालून शेजारणीची हाक, "नंदाताई, धावा!" काकी खाटेच्या काठावर बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर, तोंड उघडं, श्वास आत जातच नव्हता. ओठ निळसर. मि.ने टॅक्सी आणली. मी मागे तिला धरून बसले, इतकी हलकी झालीय. हॉस्पिटल जवळच, पण प्रत्येक सिग्नल लागला.

ऑक्सिजन, सलाईन, नाकावर वाफेचा मास्क. दुपारी डॉक्टर बोलल्या. तरुण मुलगी, दमलेली. दमा जुना, वय, पावसाळी ओल. मी जनरेटरचं सांगितलं. "धुराने वाढतं हे नक्की. पण ह्याच धुराने झालं असं लिहून नाही देता येणार. कशाने किती, ते कसं सांगणार?"

बाहेर सुहास आणि मंडळाचे दोघे उभे होते. खरंच धावत आले होते ते, फळं घेऊन, रक्त लागलं तर म्हणून. त्यांना डॉक्टरचं सांगितलं. सुहासने दोन्ही हात जोडले, "हुश्श! म्हणजे आपल्यामुळे नाही."

आणि पोटातून मलाही तसंच वाटलं. क्षणभर सुटल्यासारखं. लिहून ठेवते, कारण उद्या मी हे कबूल करणार नाही. काकी आत मास्क लावून पडलेली आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

सरूला फोन मि.ने केला. मला जमला नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

काकीला बरं आहे. बोलायला गेली की धाप. सरू तिथेच, बाकड्यावर. मी डबा नेते, ठेवते, शाळेचं कारण सांगून निघते.

संध्याकाळी घरी आले तर जनरेटर चालूच. सुहासला म्हटलं, अरे अजून? तो निरागसपणे म्हणाला, "आता काय प्रॉब्लेम, बाई? काकी हॉस्पिटलात आहेत ना. खोली बंद आहे."

तेवढ्यात गडबड उडाली. परीक्षक आले. पर्यावरणाच्या विषयावरच्या देखाव्यांची स्पर्धा आहे, त्यांचे तिघे. सुहासने मागे कोणाला तरी खूण केली आणि धडधड थांबली. परीक्षकांसमोर जनरेटर कसा चालेल! देखावा मीटरवर घेतला. धुक्याचं मशीन बंद, सुटाबुटातल्या देशाचे हात बंद. बाकी सगळं चाललं. दिवे लागले, पडदा वर गेला, माझा आवाज खणखणीत आला. लोकांनी टाळ्याही तिथेच वाजवल्या.

मी कठड्याला धरून उभी. म्हणजे चालत होतं! पहिल्या दिवसापासून मीटरवर चालत होतं. धुकं आणि दोन हात, एवढ्यासाठी ती बाई आठवडाभर डिझेल गिळत होती.

परीक्षक गेले, जनरेटर पुन्हा सुरू. मी सुहासला म्हटलं, आता तरी बंद ठेव. "बाई, धुकं नसलं की सीन पडतो हो. दोनच दिवस उरले." मी ओरडले त्याच्यावर, सगळ्यांसमोर, वर्गात ओरडते तशी. त्याचा चेहरा पडला. पण बंद नाही केला. आणि मी वायर ओढली नाही. ओढता आली असती, समोर होती.

५ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेत शिक्षकदिन. पोरांनी गुलाब दिले. एक पोरगी भाषणात म्हणाली, बाई आम्हाला खरं बोलायला शिकवतात. तिथून उठून सरळ हॉस्पिटलात गेले.

सरूला कँटीनमध्ये नेलं. चहा पुढ्यात आला आणि म्हटलं, "जनरेटर मंडळाने नाही गं. गेटपाशी जागा होती. मीच म्हटलं पुढे नको. माझं निवेदन ऐकू जात नाही म्हणून. मला खिडकी आठवली होती तेव्हा."

ती ढवळत राहिली. साखर कधीच विरघळली होती.

"माहीत आहे मला," म्हणाली.

"कसं?"

"आईने सांगितलं, काल. सुहास आधी तिच्याकडे आला होता, मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी. पुढे ठेवला तर बाईंचं भाषण नीट ऐकू येणार नाही, मागे ठेवू का, असं विचारायला. ती म्हणाली, ठेव रे बाबा, आमच्या नंदाचो आवाज लोकांक ऐकाक येवक होयो."

मला रडू फुटलं. कँटीनमध्ये, सगळ्यांदेखत, नाक गळेपर्यंत. सरूने रुमाल नाही दिला. ओरडलीही नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"माझ्यापुढे रडून काय उपयोग," म्हणाली. "तिला मी बदलापूरला नेतेय. ती म्हणते, थोडे दिवस, मग माझ्या खोलीत परत. साठ वर्षं राहिलीय तिथे. दरवर्षी तिथेच ठेवणार असाल तर तिला परत कशी पाठवू? जिथे ठरवलंत तिथे जाऊन बोल. माझ्याशी नंतर."

काकीला भेटून आले. तिने मास्क बाजूला करून विचारलं, "आज गर्दी इली हा काय गो?" हो म्हटलं, खूप.

६ सप्टेंबर, शनिवार. विसर्जन

दुपारी बाप्पा निघाले. मी नाक्यापर्यंत गेले, हात जोडले, नेहमी काही ना काही मागते, आज सुचेना.

घरी आले. खाली टेम्पोत जनरेटर चढवत होते. गल्लीत भिंतीवर काळा पट्टा उठलाय, काकीच्या खिडकीच्या वरपर्यंत.

११ सप्टेंबर, गुरुवार

निकाल आला. उत्तेजनार्थ बक्षीस, आणि ते 'संहितेसाठी'! सुहास ढाल घेऊन वर आला, राग विसरून, पायाच पडला. "बाई, तुमच्यामुळे." हो रे बाबा, माझ्यामुळेच. पेढा तोंडात फिरत राहिला.

मि.ने ढाल टीव्हीशेजारी ठेवली. तो अंघोळीला गेल्यावर मी उचलून कपाटात साड्यांमागे सारली. त्याला कळलं. जेवताना एवढंच म्हणाला, "रविवारी आढाव्याची मीटिंग आहे म्हणे खाली. मी येऊ सोबत?" नको म्हटलं.

सरूने काकीला नेलं परवा. मला कळवलं नाही. खोलीला कुलूप दिसलं तेव्हा समजलं.

१४ सप्टेंबर, रविवार

झाली मीटिंग. आत्ताच वर आले. लिहून काढते.

आधी अभिनंदन, टाळ्या, नारळ दिला मला. मग बोलायला सांगितलं. मी उभी राहिले आणि सगळं बोलले. जनरेटर पुढे नको हे मी म्हटलं. खिडकी आठवत होती, गप्प बसले. मीटरवर चालत होतं, तरी चालू ठेवला. काकी त्यामुळे हॉस्पिटलात गेली, डॉक्टरांनी लिहून दिलं नसलं तरी. आवाज चिरकत होता माझा, रेकॉर्डिंगसारखा अजिबात नव्हता.

वाटलं, आता होईल काहीतरी. शिव्या देतील, नाहीतर ठराव करतील.

सुहास उठला. डोळे भरलेले त्याचे, नाटक नव्हतं. "बाई, तुम्ही एकट्या कशाला अंगावर घेता? चूक झाली असेल तर ती आपल्या सगळ्यांची. सगळे होतो आपण." सगळ्यांनी माना हलवल्या. सगळ्यांचीच, सगळ्यांचीच. एकाने मला पाणी दिलं, एकाने पाठीवर हात ठेवला. इतकं बरं वाटलं की काय सांगू! खुर्चीवर टेकलेसुद्धा.

आणि सुहासने पान उलटलं. पुढचा विषय, पुढच्या वर्षीचा देखावा. कोणीतरी म्हणालं, पाणी वाचवा घेऊ, कारंजं करू खरं. निवेदन बाईंचंच. जनरेटर कुठे ठेवायचा, मीटर वाढवून घ्यायचा का, टॉवरला पत्र द्यायचं का, एक शब्द नाही. मीही नाही विचारलं. मी पाण्याचा ग्लास हातात धरून बसले होते आणि सगळे माझ्याशी फार प्रेमाने वागत होते.

वर आले तर सरूचा फोन. गेल्या नऊ दिवसांतला पहिला.

"बोललीस?"

"बोलले. सगळं सांगितलं. सगळ्यांसमोर."

"बरं. मग ठरलं काय?"

माझ्या तोंडातून 'सगळ्यांची' एवढंच येत होतं. ते गिळलं. मागून काकीचा आवाज आला, "नंदा आसा? इचार तिका, माझ्या तुळशीक कोण पाणी घालता?" सरू वाट बघत होती.

म्हटलं, सरू, अजून काही ठरलेलं नाही. तासाभराने फोन करते.

मंडळाच्या खोलीत दिवा दिसतोय, खुर्च्या आवरण्याचा आवाज येतोय. सुहास अजून गेलेला नाही. वही मिटते आणि खाली जाते.